कार्ल्याच्या खांबांआड ऑर्फिअस

तळेगाव दाभाड्यातल्या एखाद्या हौशी नाट्यसंस्थेने तुम्हाला गळ घातली आहे, असं समजा. ग्लुकची ‘ऑर्फेओ’ ही ऑपेरा मराठीत उभी करायची. गाणी मराठी, वाद्यमेळ जमेल तसा आणि नेपथ्य तुमचं. बजेट विचारायचं नाही, तो प्रश्न विचारला की हौशी संस्थेत लगेच चहा मागवला जातो.

संहिता तुमच्या पिशवीत आहे. स्थळं पाच. पहिलं, लॉरेल आणि सायप्रसच्या झाडीतली युरिडिसीची समाधी. दुसरं, कोसाइटस नदीपलीकडची भयाण, गुहांनी भरलेली जागा. धूर आणि ज्वाळा. तिसरं, पुण्यात्म्यांचं रम्य उपवन. चौथं, काळोखी गुहा, वेड्यावाकड्या वाटांची. पाचवं, प्रेमदेवतेचं मंदिर. पाचांतली दोन स्थळं गुहेची आहेत, आणि तुम्ही राहता मावळात. भाजे, कार्ले, बेडसे, शेलारवाडी, सगळं लोणावळा लोकलच्या टप्प्यात. त्यामुळे संस्थेच्या चिटणिसांना वाटतं की काम सोपं आहे: एका मोठ्या कापडावर कार्ल्याची लेणी रंगवून आणायची आणि मागे सोडायची.

तसं करण्याआधी थोडं फिरून या.

गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. ऑर्फिअस गाणारा, त्याची बायको युरिडिसी साप चावून मरते. तो पाताळात उतरतो, गाऊन तिथल्या पहारेकऱ्यांना नमवतो आणि तिला परत न्यायची परवानगी मिळवतो. अट एकच, वर पोहोचेपर्यंत मागे वळून बघायचं नाही. तो बघतो. मराठी प्रेक्षकाला यात परकं काही नाही. महाभारताच्या आदिपर्वात रुरूची प्रमद्वरा सर्पदंशानेच जाते, आणि रुरू आपलं अर्धं आयुष्य देऊन तिला उठवतो. सावित्री तर घरोघर आहे. होल्स्ट नावाच्या इंग्रज संगीतकाराने तिच्यावर तीनच गायकांची छोटी ऑपेरा लिहिली आणि ती १९१६ साली लंडनला झाली. फरक एवढाच की आपल्याकडे मृत्यूशी सौदा होतो तो आयुष्याचा किंवा वराचा. ग्रीकांकडे तो नजरेचा आहे. कोणी कुणाकडे बघायचं, कोणी नाही, कोण दिसतं, कोण दिसत नाही. म्हणजे सगळं ओझं नेपथ्यकाराच्या डोक्यावर.

चला. तारीख ५ ऑक्टोबर १७६२. व्हिएन्नाच्या राजवाड्याला लागून असलेल्या बुर्गथिएटरच्या विंगेत तुम्ही अंग चोरून उभे आहात. पहिला प्रयोग आहे. सम्राट फ्रान्सिसच्या नामदिनाचा सोहळा, त्यामुळे शेवट गोड ठेवलेला आहे; युरिडिसी दुसऱ्यांदा मरते तेव्हा प्रेमदेवता येऊन तिला उठवते. राजाच्या सणाला रडकं नाटक कोण लावणार? आपल्याकडेही संगीत नाटकाचा शेवट गोडच करायची पद्धत होती, तेव्हा नाक मुरडू नका.

मेणबत्त्यांच्या उष्णतेने कपाळाला घाम येतो. प्रेक्षागृहातले दिवेही पेटलेलेच आहेत. अंधारात बसून नाटक बघायची रीत अजून यायची आहे. पायाखाली, फळ्यांच्या खाली, लाकडी गाडे आहेत. त्यांच्यावर बसवलेले खांब फळ्यांमधल्या फटींतून वर येतात आणि रंगवलेल्या विंगा त्यांना अडकवलेल्या असतात. खाली एक रहाट फिरला की दोन्ही बाजूंच्या सगळ्या विंगा एकाच वेळी सरकतात, समाधीची झाडी जाते आणि पाताळाचे खडक येतात, प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत. ही युक्ती व्हेनिसमध्ये १६४०च्या सुमारास तोरेल्लीने नावारूपाला आणली आणि युरोपभर पसरली. त्याच्याही आधी, १६३८ साली, सब्बातीनी नावाच्या माणसाने रंगयंत्रांवर पुस्तक लिहिलं. समुद्राच्या लाटा पिळाच्या लाकडी दंडगोलांनी कशा फिरवायच्या, मेणबत्त्यांवर पत्र्याची नळकांडी खाली सोडून रंगमंच काळोखा कसा करायचा, सगळं त्यात आहे. नरकाच्या ज्वाळा कशा दाखवायच्या, तेही आहे: मशालीवर राळ उडवायची. हे वाचून तुम्हाला हसू येतं. विष्णुदास भाव्यांच्या नाटकांत राक्षस येताना राळच उडायची. सब्बातीनीचं पाताळ आणि सांगलीचा राक्षस एकाच डबीतून निघालेले.

पडदा वर जातो आणि कोरस समाधीभोवती शोक करतो. त्या शोकातून ऑर्फिअस फक्त बायकोचं नाव घेतो, तीनदा, आणखी काही नाही. गायक ग्वादाञी, कास्त्राटो, म्हणजे पोरवयात शस्त्रक्रिया करून आवाज उंचच राखलेला पुरुष. लंडनला असताना तो डेव्हिड गॅरिककडून अभिनय शिकला होता, असं सांगतात, आणि ते दिसतं. हात उगाच हलत नाहीत. दुसऱ्या अंकात तो हार्पच्या साथीवर विनवतो आणि पाताळातले पहारेकरी एकच शब्द ओरडतात: नाही! पुन्हा विनवणी, पुन्हा नाही. मग ती ‘नाही’ हळूहळू थकत जाते. कविता काल्साबीजीची, नृत्य आंजोलीनीचं, पडदे जोव्हान्नी मारिया क्वाल्योचे.

तुमचं लक्ष मात्र क्वाल्योच्या खडकांवर आहे, कारण तिसरा अंक सुरू होतोय आणि तुम्हाला यायचं होतं ते यासाठीच. काळोखी गुहा. ऑर्फिअस पुढे, युरिडिसी मागे. दोघांना लांब चालायचं आहे. पण चालणार कुठे? रंगवलेल्या विंगा मागे मागे लहान होत जातात, त्यामुळे खोली भासते, ती खरी नसते. नट दोन पावलं जास्त मागे गेला की गुहेपेक्षा उंच दिसायला लागतो. म्हणून सगळी पाताळयात्रा रंगमंचाच्या पुढच्या पट्टीत उरकली जाते. ती विचारते, माझ्याकडे बघत का नाहीस; तो सांगू शकत नाही; आणि दोघं एकमेकांपासून हाताच्या अंतरावर, भर उजेडात उभे. गाणं अप्रतिम आहे. नजरेचा प्रश्न सुटलेला नाही. वहीत लिहा: रंगवलेल्या गुहेत चालता येत नाही.

पुढचं ठिकाण घराजवळचं. ३१ ऑक्टोबर १८८०, पुण्यातली बुधवार पेठ, आनंदोद्भव नाट्यगृह. लोणावळ्याहून पुण्यापर्यंत रेल्वे येऊन वीसेक वर्षं झाली आहेत, घाटातून थेट मुंबईपर्यंतची गाडी १८६३ पासून धावते आहे, आणि त्याच रुळांवरून पारशी कंपन्या आपले रंगीत पडदे घेऊन पुण्याला येऊन गेल्या आहेत. आपल्या गाण्यांच्या नाटकांना त्या बेधडक ‘ऑपेरा’ म्हणतात. त्यांची ‘इंद्रसभा’ पाहून महसूल खात्याच्या कमिशनर कचेरीत नोकरी करणाऱ्या बळवंत पांडुरंग किर्लोस्करांच्या मनाने घेतलं की हे मराठीत का नको. आज ‘संगीत शाकुंतल’चे पहिले चार अंक होणार आहेत.

तुम्ही पुन्हा विंगेत. तेलाच्या दिव्यांचा धूर व्हिएन्नातल्या चरबीच्या मेणबत्त्यांइतकाच डोळ्यांत जातो. पडद्याच्या दोरीपाशी उभा असलेला माणूस तुम्हाला कोपराने ढकलतो.

“पावणं, दोरीवरचा पाय काढा आधी.”

“पडद्यावर काय काढलंय?”

“जंगल.”

“कण्वाचा आश्रम का?”

“आज कण्वाचा. उद्या पंचवटी म्हणाल तर पंचवटी. झाडाला काय कळतंय?”

त्याचं म्हणणं तुम्हाला त्या क्षणी उडवाउडवीचं वाटेल. तसं नाही. भाव्यांच्या नाटकांत सूत्रधार सगळं गाऊन सांगायचा आणि पात्रं आयत्या वेळी सुचेल ते बोलायची. इथे आज पात्रं स्वतः गाणार आहेत. दुष्यंताचं गाणं मोरोबा वाघुलीकरांच्या गळ्यातून, कण्वाचं बाळकोबा नाटेकरांच्या. पूर्ण नाटकात दोनशेच्या आसपास पदं. साकी, दिंडी, ओवी, कर्नाटकी चाली, लावणीचं वळण. पडदा कसलाही असो, दुष्यंत गायला लागला की जंगल त्याच्या गाण्यातून येतं. कालिदासाने तर मुळात पडद्यावर भिस्त ठेवलीच नव्हती. हरणामागे धावणारा रथ नटाने नुसत्या अभिनयाने दाखवायचा, अशी त्याची सूचना आहे. तिथे रथ बांधून आणणारा नेपथ्यकार कालिदासाला नको होता.

मग हे रंगीत पडदे का आले? कारण लोकांना आवडले. एवढं साधं आहे. दरबार, रस्ता, बाग, जंगल, आणि पुढे पडदा पाडून त्याच्यासमोर फ्रंट सीन चालू ठेवायचा, तेवढ्यात मागे डीप सीन लावून घ्यायचा. कंपनी गावोगाव हिंडणारी, पडदा गुंडाळता येतो, गुहा गुंडाळता येत नाही. पुढच्या चाळीस वर्षांत या कलेने फार मोठी मजल मारली. कोल्हापूरच्या आनंदराव आणि बाबूराव पेंटरांनी नाटकांचे पडदे रंगवले आणि तोच हात पुढे सिनेमाकडे वळला. माझं स्वतःचं मत विचाराल तर रंगवलेल्या पडद्याची टिंगल करणाऱ्यांनी एकदा नुसत्या काळ्या पडद्यापुढे तीन तास नाट्यपदं ऐकून दाखवावीत. पण तुमच्या तिसऱ्या अंकाला तो उपयोगाचा नाही. पडद्यापुढच्या पट्टीत नट आडवा चालतो, आत जात नाही. ऑर्फिअसला आतून बाहेर यायचं आहे.

जाता जाता एक गोष्ट पिशवीत टाका. कालिदासाच्या मूळ नाटकात दुसऱ्या अंकात दुष्यंत येतो तेव्हा त्याच्याभोवती धनुष्यं घेतलेल्या यवनी असतात. शाकुंतलात ग्रीक बायका! तळेगावच्या चिटणिसांनी ‘आपल्याकडे ग्रीक कशाला’ असं विचारलं तर कामी येईल.

आता जर्मनी. ड्रेस्डेनजवळ हेलेराउ नावाची नवी वसाहत, १९१३चा उन्हाळा. तेस्सेनोव या वास्तुकाराने बांधलेल्या मोठ्या पांढऱ्या सभागृहात तुम्ही बाकावर बसला आहात आणि पडदा नाहीच. रंगमंचाची चौकटही नाही. जिथे प्रेक्षक आहेत त्याच खोलीत पुढे पायऱ्या आहेत. भिंती आणि छत कापडाचं, कापडामागे असंख्य दिवे, त्यामुळे उजेड कुठून येतो ते कळत नाही, अख्खी खोलीच उजळते किंवा मावळते. ही दिव्यांची करामत झाल्ट्समान या चित्रकाराची. पायऱ्या आडोल्फ आप्पियाच्या. नाचणारी मुलं संगीतकार जाक-दालक्रोझच्या शाळेतली. आणि खेळ आहे तुमच्याच पिशवीतला, ग्लुकचा ‘ऑर्फेओ’. आदल्या वर्षी त्यांनी दुसरा अंक करून पाहिला होता, यंदा संपूर्ण. प्रेक्षकांत बर्नार्ड शॉसारखी मंडळी येऊन जातात.

ऑर्फिअस उंच पायरीवर येतो आणि उतरायला लागतो. खाली पायऱ्यांवर पाताळातली माणसं पसरलेली. खडक नाही, ज्वाळा नाही, राळ नाही. उतार आहे. एक माणूस उतरतोय आणि प्रत्येक पायरीला त्याचं वजन एका पायावरून दुसऱ्यावर जाताना तुम्हाला दिसतंय, आणि ते स्वरांबरोबर जातंय. पाताळ म्हणजे खाली जाणं, बस. रंगवून जे दीडशे वर्षांत जमलं नव्हतं ते सुताराने चार दिवसांत केलं, असं तुम्हाला वाटून जातं. आप्पियाने त्यासाठी अर्धं आयुष्य नकाशे काढण्यात घालवलं होतं, हे सोडा.

पायऱ्या मावळातल्या माणसाला नव्या नाहीत. एकवीरेला जाणारा, लोहगड चढणारा, कुणालाही विचारा. दुसरा अंक सुटला. पायऱ्या बांधायच्या, वरून उतरवायचं आणि उजेड खालून वर चढू द्यायचा नाही. पण तिसऱ्या अंकाचं काय? हेलेराउमध्येही युरिडिसी सारखी दिसत राहते. ती आहे की नाही, याची शंका प्रेक्षकाला येतच नाही, मग ऑर्फिअसला आली तर प्रेक्षक त्याला उतावळा म्हणतो. आणि तोच या गोष्टीचा गाभा आहे. त्याने का बघितलं? प्रेम अनावर झालं म्हणून, हे उत्तर संहितेत आहे. रंगमंचावर ते पटण्यासाठी प्रेक्षकाचीही मान वळायला हवी.

आता घरी या, पण थोडं लवकर. सुमारे एकोणीसशे वर्षं लवकर.

कार्ल्याचा डोंगर. एकवीरेचं देऊळ अजून नाही, पायऱ्यांवर नारळ-हारांची दुकानं नाहीत. चैत्यगृहाचं काम संपत आलेलं. वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने हे शैलगृह पुरं करवलं आणि संपूर्ण जंबुद्वीपात उत्तम असल्याचं भिंतीवर लिहवूनही घेतलं. नाटकाच्या जाहिरातीपेक्षा ही अतिशयोक्ती कमी आहे, हे आत गेल्यावर कळतं. हे बांधकाम नाही, वजाबाकी आहे. आधी छत मोकळं करायचं, मग खाली खाली उतरत जायचं, खांब खडकातच उरतात. परांची उभारायची भानगड कमी. चुकलं तर मात्र लिंपायला जागा नाही.

दारापाशी लाकडाचा भुसा पडलाय. वेणुवासाचा मुलगा सामी, धेनुकाकटचा सुतार, दाराच्या कामावर आहे. त्याचं नाव आज तिथल्या शिलालेखात वाचता येतं. मराठी रंगभूमीवर किती सुतारांची नावं जाहिरातीत आली, ते आठवून बघा. सामी मान वर करत नाही. त्याच्या डोक्यावर, पुढच्या दगडी पडभिंतीवर, लाकडी सज्जा बसवायच्या खोबणी आहेत. वाजंत्री तिथे बसवावेत असं तुमच्यातल्या नाटकवाल्याला लगेच वाटतं.

आत दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा खांब. पायाशी घडा, वर हत्ती, हत्तींवर जोडपी. शेवटी स्तूप, आणि त्याच्यामागे अर्धवर्तुळात सात साधे अष्टकोनी खांब. लांबी सुमारे १२४ फूट, रुंदी पंचेचाळीसच्या आसपास. छताला सागाच्या कमानी. त्यांनी छताचा भार पेललेला नाही, त्या निव्वळ देखाव्याच्या आहेत, आणि आजही टिकून आहेत. तुम्ही खांबांवरची अक्षरं वाचत जाता. अमक्याचा खांब दान, तमक्याचा खांब दान. धेनुकाकटचा यवन सिहधय. धेनुकाकटचा यवन धर्म. यवन म्हणजे ग्रीक, किंवा निदान त्या पश्चिमेकडून आलेले, आणि नावं मात्र पुरती इथली झालेली. एक जण खांबाला हात लावून उभाच आहे, आपल्याच खांबाला. त्याच्या आजीने त्याला लहानपणी वीणा वाजवत पाताळात गेलेल्या माणसाची गोष्ट सांगितली असेल का? विचारावंसं वाटतं. विचारू नका. तो बौद्ध संघाला दान द्यायला आलाय, आणि तुम्ही भलतंच काढाल.

थांबा मात्र. उन्ह कलेपर्यंत थांबा. हे लेणं पश्चिमेला तोंड करून आहे, आणि आत उजेड यायला मुख्य वाट एकच, दारावरची ती भली मोठी नालेच्या आकाराची कमान. उजेड वरून, तुमच्या पाठीमागून येतो आणि थेट स्तूपावर जातो. मधला गाळा उजळतो. खांबांमागच्या दोन्ही अरुंद वाटा काळोखात राहतात. तिथला काळोख कुणी रंगवलेला नाही. खांब इतके जवळजवळ आहेत की उजेडाला तिकडे वळताच येत नाही. विलायती लोकांनी पुढे या प्रकाशयोजनेचं कौतुक केलं, वास्तुइतिहासकार फर्ग्युसनने विशेष. तुम्हाला मात्र कौतुक करायला वेळ नाही, कारण एक भिक्षू प्रदक्षिणेला निघालाय.

तो डावीकडच्या वाटेने खांबांमागून चालतो. दिसतो. नाहीसा होतो. दिसतो. नाहीसा होतो. अंतर जेमतेम एका खांबाचं, पण दर वेळी तुमची नजर पुढच्या फटीत जाऊन त्याची वाट बघते. दहाव्या-अकराव्या खांबाशी त्याला क्षणभर उशीर होतो. कदाचित त्याने पाऊल आखडलं, कदाचित चीवर सावरलं. तेवढ्यात तुमची मान वळलेली असते.

हाच तिसरा अंक.

ऑर्फिअसला मधल्या गाळ्यातून चालवायचं, उजेडात, प्रेक्षकांकडे तोंड करून. युरिडिसीला खांबांआडून. प्रेक्षकाला ती तुटक तुटक दिसेल, त्याला मुळीच दिसणार नाही, आणि तिचं गाणं मात्र अखंड येत राहील. मग एका खांबामागून तिने बाहेर यायला किंचित वेळ लावायचा. सभागृहातल्या दोनशे माना वळतील, आणि त्याच क्षणी त्याची. त्याला उतावळा म्हणायची सोय कुणालाच राहणार नाही.

उरलेली स्थळं आता जागच्या जागी बसतात. पहिल्या अंकाच्या समाधीसाठी समोरच्या डोंगरात भाज्याला जा. तिथे चौदा स्तूपांचा घोळका आहे, पाच छताखाली, नऊ बाहेर. दिवंगत थेरांच्या, म्हणजे ज्येष्ठ भिक्षूंच्या, स्मरणाचे, काहींवर त्यांची नावंही कोरलेली. सायप्रसची झाडी कापडावर रंगवण्यापेक्षा असे तीन-चार गोल आकार मांडा. कोरस त्यांच्यामध्ये बसू शकतो, त्यांना टेकू शकतो, पडद्यावरच्या झाडाला कोण टेकणार? उपवनासाठीही भाजेच. तिथल्या विहारातल्या त्या प्रसिद्ध कोरीव पटावर हत्तीवरचा स्वार आहे, ज्याला बहुतेक जण इंद्र म्हणतात. त्याच्या खालच्या भागात झाडं आहेत, बसलेला राजा आहे, एक बाई नाचते आहे आणि एक हार्पसारखी वीणा वाजवते आहे. दाराच्या दुसऱ्या अंगाला चार घोड्यांच्या रथातला सूर्य. काही अभ्यासक या पटांचा अर्थ वेगळा लावतात, मांधात्याची उत्तरकुरूतली गोष्ट म्हणतात. उत्तरकुरू म्हणजे तरी काय, पुण्यवंतांचा रम्य प्रदेशच. ग्लुकच्या तिसऱ्या स्थळाला याहून जवळचं मावळात काही सापडणार नाही. ते चित्र जसंच्या तसं उचलू नका. त्यातली मोकळी जागा बघा. आकृत्या गर्दी करत नाहीत, तरंगतात.

मावळ आणि ग्रीस यांची ही सांगड तुमच्या डोक्यातून निघालेली आहे असं चिटणिसांना वाटू देऊ नका. पुण्यात राहून डेक्कन क्वीनने मुंबईला टाटा संशोधन संस्थेत जाणारे गणिती दामोदर धर्मानंद कोसंबी सुटीत याच डोंगरांतून पायी हिंडले. धेनुकाकट इथेच, कार्ल्याच्या आसपास असावं, असं त्यांनी मांडलं आणि चैत्यगृहातल्या एका खांबाच्या शिरावरचा स्फिंक्सही दाखवला. धेनुकाकट कुठे होतं यावर विद्वानांचं अजून एकमत नाही. स्फिंक्स मात्र तिथे आहे, मान वर करून शोधावा लागतो.

आता कामाचं बोलू. पंधरा खांब लागत नाहीत, सात पुरतील, पण दोन खांबांमधली फट खांबाच्या जाडीपेक्षा फार मोठी ठेवू नका, नाहीतर युरिडिसी लपणार नाही, नुसती फिरायला निघाल्यासारखी दिसेल. खांब थर्माकोलचे नकोत. धक्का लागला की सगळं पाताळ हलतं. लाकडी कड्यांवर जाड कापड ताणून केलेले गोल खांब हलके होतात, टेम्पोत मावतात आणि तळेगावहून वडगाव, कामशेत, लोणावळा असा दौरा निघाला तर दोन माणसांत उभे राहतात. दगडाचा रंग देऊ नका. दिवा एकच मोठा, प्रेक्षकांच्या डोक्यावरून, उंच, मधल्या गाळ्यात. बाजूच्या वाटांवर एकही नाही. प्रकाशयोजनाकार कुरकुरेल की नटीचा चेहरा दिसत नाही. त्याला सांगा, तोच तर खेळ आहे. ऑर्फिअसचं पद स्त्रीने गायलं तरी चालतं, आज जगभर स्त्रिया ते गातात, आणि बालगंधर्वांना रुक्मिणी म्हणून डोक्यावर घेतलेल्या प्रेक्षकाने त्याला आक्षेप घेऊ नये. शेवट गोड ठेवायचा की युरिडिसीला जाऊ द्यायचं, ते दिग्दर्शकाने ठरवावं. मी असतो तर प्रेमदेवतेचं मंदिर रद्द करून पैसे वाद्यवृंदावर घातले असते.

आणि कुणीतरी उत्साहाने म्हणेलच, प्रयोग थेट कार्ल्याच्या चैत्यातच करू या. नको. ते संरक्षित स्मारक आहे, दोन हजार वर्षं टिकलेल्या सागाच्या कमानी आहेत, आणि नाटकवाल्यांच्या केबली, जनरेटर आणि फॉग मशीन यांचा त्यांच्याशी काही संबंध नाही. प्रयोग सभागृहात करा. फक्त कापड रंगवायला टाकण्याआधी नेपथ्य, प्रकाश आणि दिग्दर्शन करणाऱ्या तिघांना एका दुपारी वर पाठवा. पावसाळ्यात नको, तेव्हा उजेडच नसतो. डिसेंबर-जानेवारीत जा, शनिवार-रविवार टाळा, तिकीट काढा, टेप बरोबर ठेवा, खांबाला हात न लावता फटी मोजा, आणि लेणं बंद व्हायच्या आधी एकाला प्रदक्षिणेच्या वाटेने चालायला सांगून बाकीच्या दोघांनी मधून बघा.